उपासनेचे खाडे : रविवार का चुकतो आणि तो कसा राखावा

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे मांडलेले असतात. त्याच पानावर रविवारच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, उपासनेचे खाडेही मांडून बघा. सलग तीन महिने, म्हणजे तेरा रविवार. गेलात तर बरोबरची खूण, चुकलात तर फुली, आणि फुलीशेजारी दोन शब्दांत कारण : पाहुणे, ड्यूटी, लग्न, पाऊस, उठलोच नाही. हा हिशेब पाळकांना, म्हणजे देवळाच्या धर्मगुरूंना, दाखवायचा नाही, घरातल्या घरात ठेवायचा. "आम्ही तर दर रविवारी जातो" असे मनापासून वाटणाऱ्या घरातही फुल्या मोजल्या की माणूस जरा गप्प होतो. महिन्यातून दोनदा जातो हे ऐकायला बरे वाटते, पण त्याचा अर्थ वर्षातल्या ५२ रविवारांपैकी २८ रविवार घरी.

आता कारणे वाचा. खरे आजारपण, मयत, रेल्वे बंद अशी कारणे थोडी असतात. बाकीच्यांचे मूळ शनिवारी रात्री सापडते. ते नंतर बघू.

आधी शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, थोडक्यात. एकत्र मिळणे सोडून देण्याची चाल पहिल्या शतकातच पडली होती. इब्री १०:२५ तिच्याबद्दलच आहे. यरुशलेमातल्या पहिल्या विश्वासणाऱ्यांच्या चार गोष्टी प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये दिल्या आहेत : प्रेषितांचे शिक्षण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना. यातली प्रार्थना आणि वाचन घरी होऊ शकते. सहवास आणि भाकर मोडणे एकट्याने होत नाही. आणि लूक ४:१६ मध्ये प्रभू येशू शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला तो "परिपाठाप्रमाणे" गेला, असा आपल्या मराठी शास्त्रात शब्द आहे. परिपाठ म्हणजे मन लागो न लागो, ठरल्या वेळी करायची गोष्ट. "आज उपासनेत मन लागत नाही म्हणून गेलो नाही" हे कारण त्या एका शब्दापुढे टिकत नाही. मन लागत नसेल त्या दिवशी इतरांचे गायन ऐकत बसा. तेही उपासनेतच मोडते.

शनिवारची संध्याकाळ

उपासना साडेनऊला आहे, घरात चार माणसे आणि न्हाणीघर एक. माणशी पंधरा मिनिटे धरली तरी एक तास गेला. नाष्टा अर्धा तास, आवराआवर वीस मिनिटे, रस्ता वीस मिनिटे, आणि दहा मिनिटे आधी पोचायचे. उलटे मोजत या : पहिला माणूस सातला न्हाणीघरात गेला पाहिजे. साडेआठला उठून "चला लवकर" म्हणत सुटणारे घर पहिल्या गीतानंतर पोचते, तेही भांडून. असे तीन रविवार झाले की चौथ्या रविवारी कोणीतरी म्हणते, "आज राहू दे."

म्हणून शनिवारी संध्याकाळी या गोष्टी उरकून टाका. कपड्यांना इस्त्री, मुलांचे बूट आणि मोजे जोडीने दाराशी. शास्त्र, गीतांचे पुस्तक आणि चष्मा एकाच पिशवीत. वर्गणीचे पाकीट भरून, वर नाव आणि महिना लिहून त्याच पिशवीत. १ करिंथ १६:२ मध्ये पौल प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे आधीच बाजूला काढून ठेवायला सांगतो. अर्पणाची थैली समोर आल्यावर खिसे चाचपायला नव्हे. महिन्याची वर्गणी मोबाइलवरून भरत असाल तरी मुलांच्या हातात द्यायला सुटे पैसे ठेवा. मोबाइलने दिलेले अर्पण लहान मुलाला दिसत नाही.

आणि मटण. हसू नका, पुष्कळ घरांतला पुरुष रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा असतो, आणि रांग नेमकी उपासनेच्या वेळेला सर्वांत लांब असते. उपाय दोन. शनिवारी रात्री आणून आले-लसूण, हळद, मीठ लावून फ्रिजमध्ये ठेवा. नाहीतर उपासनेवरून येताना घ्या आणि त्या दिवशी दीड-दोनला जेवा. सकाळी कांदा-खोबऱ्याचे वाटण करत बसलेली बाई उपासनेला वेळेवर पोचत नाही, आणि तिला वाटणाला बसवून बाकीच्यांनी पुढे जाणे हेही बरे नव्हे. वाटण शनिवारी रात्री करून ठेवता येते. ते कोणीही करू शकते.

रात्रीचे जागरण हा मोठा शत्रू. शनिवारी रात्री दीडपर्यंत मोबाइल बघणारा तरुण रविवारी आठला उठत नाही. त्याला रविवारी सकाळी ओरडण्यापेक्षा शनिवारी अकराला दिवा मालवणे सोपे. मुंबईत आणखी एक गोष्ट तपासा : रविवारचा मेगाब्लॉक. तो बहुधा सकाळी अकराच्या आसपास सुरू होतो, म्हणजे जाताना गाडी मिळते आणि येताना फलाटावर ताटकळावे लागते. ब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी जाहीर होते. लहान मूल किंवा म्हातारे माणूस बरोबर असेल तर परतीचा रस्ता शनिवारीच ठरवा.

देवळात पोचल्यावर

दहा मिनिटे आधी पोचण्याचा उपयोग काय? फळ्यावर लिहिलेले गीतांचे क्रमांक बघून 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकात खुणेचे कागद घालून ठेवता येतात, वाचनाचा अध्याय काढता येतो, आणि शेजारच्या माणसाला "सलाम, कसे आहात?" एवढे विचारता येते. उशीर झालाच तर प्रार्थना चालू असताना आत शिरू नका; दारात थांबा, गीत सुरू झाले की जा.

मुले असतील तर शेवटच्या बाकावर बसू नका. पालकांना वाटते, मागे बसले की रडले तर पटकन बाहेर नेता येईल. होते उलटेच. मागून मुलाला फक्त पाठी दिसतात, म्हणून ते कंटाळते आणि म्हणून रडते. पुढून तिसऱ्या-चौथ्या रांगेत, कडेच्या जागी बसा : पेटी, तबला, पाळक सगळे दिसते आणि बाहेर पडायला वाटही राहते. काही गावांतून अजून पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसतात. तिथे सगळी पोरे आईच्याच ओटीत येतात. संदेश सुरू होण्याआधी बापाने एक मूल आपल्याकडे घ्यावे, म्हणजे आईलाही संदेश ऐकायला मिळेल.

चार वर्षांच्या मुलाकडून दीड तास शांत बसण्याची अपेक्षा ठेवू नका. गीताला उभे राहणे, अर्पण टाकणे आणि प्रभूची प्रार्थना म्हणणे ही तीन कामे त्याला द्या. प्रभूची प्रार्थना घरी रोज रात्री म्हटली तर दोन-तीन महिन्यांत पाठ होते, आणि मग शेदीडशे माणसे तीच प्रार्थना म्हणताना ऐकून मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो. संदेशाच्या वेळी कागद-पेन्सिल चालेल, मोबाइल नको.

मोठ्यांसाठी एक पातळ वही. तारीख, शास्त्रभाग, आणि संदेशातले एक वाक्य. एकच. जेवताना ते वाक्य सांगायचे. संदेश रटाळ होता तर वाचलेल्या शास्त्रभागातले वाक्य घ्या. शास्त्रभाग रटाळ होता अशी तक्रार सहसा कोणी करत नाही.

गाण्याबद्दल थोडेसे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, आणि त्यांची भजने आजही टाळ-पेटीवर म्हटली जातात, तीही बहुतेक पाठ. लहानपणी सुटलेला माणूस चाळिशीत परत येतो तेव्हा संदेशात हरवतो, पण भजनाला त्याचे ओठ आपोआप हलतात. म्हणून घरात आठवड्याला एक गीत म्हणा, येत्या रविवारी असणारे कळले तर तेच.

उपासना संपली की लगेच गाडी काढू नका. पंधरा मिनिटे आवारात थांबा. कोणाची नोकरी गेली, कोणाचे ऑपरेशन आहे, कोणाच्या मुलीचे ठरतेय हे तिथे कळते. नव्याने येणाऱ्याने तर ही पंधरा मिनिटे मुळीच चुकवू नयेत. आशीर्वाद संपताच निघणारा माणूस दोन वर्षे येऊनही अनोळखीच राहतो.

प्रभुभोजनाचा रविवार

पुष्कळ मराठी मंडळ्यांत, म्हणजे एकेका देवळाच्या सभासदांच्या समूहांत, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. आता तुमच्या कालनिर्णयावरच्या फुल्या पुन्हा बघा. पगार झाला की गावी जायचे अशी सवय असेल तर फुल्या नेमक्या पहिल्या रविवारी पडलेल्या दिसतील, आणि माणूस महिन्यातून तीनदा उपासनेला जाऊनही वर्षभर मेजापासून लांब राहिलेला असेल. गावी दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारी जा.

काही जण मात्र मुद्दाम टाळतात. "मी अयोग्य आहे" म्हणतात आणि प्रभुभोजनाआधी उठून जातात. १ करिंथ ११ नीट वाचा. तिथे पौल "अयोग्य प्रकारे" खाण्यापिण्याविषयी बोलतो, आणि तो प्रकार कोणता तेही सांगतो : पोट भरलेले लोक पुढे खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. उपाय म्हणून त्याने आत्मपरीक्षा करून भाकर खायला सांगितली आहे. परीक्षा करून घरी जायला सांगितलेले नाही. भावाशी बोलणे बंद असेल तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे आधी समेट. मग तो फोन शनिवारी करा. फोनवर सगळा वाद मिटला पाहिजे असे नाही. "उद्या प्रभुभोजन आहे, माझ्या मनात काही ठेवायचे नाही" एवढे म्हणालात तरी सुरुवात होते. समोरच्याने फोन आपटला तर तुमच्या बाजूने काम झालेले आहे.

ड्यूटी, क्लास, बदली, ऊसतोड

आपल्या समाजात नर्सिंगमध्ये माणसे पुष्कळ आहेत, आणि दवाखाना रविवारी बंद नसतो. सगळे रविवार सुट्टी मागू नका, मिळणार नाही. महिन्याचे ड्यूटीचे वेळापत्रक लागण्याआधी प्रभुभोजनाचा एक रविवार लेखी मागा आणि बदल्यात दिवाळीची ड्यूटी घ्या. नाताळची सुट्टी मागतानाही तीच देवाणघेवाण उपयोगी पडते. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने थेट देवळात येऊन डुलक्या काढल्या तरी कोणी नावे ठेवू नयेत. सकाळ जमतच नसेल तर संध्याकाळची उपासना असलेली जवळची मंडळी शोधा, आणि आठवड्यातली घरसभा पक्की धरा.

दहावी-बारावीच्या क्लासवाल्यांना रविवार सकाळ फार आवडते. "दोनच वर्षे" म्हणून मुलाला सोडले की पुढे इंजिनिअरिंगची चार वर्षे तो होस्टेलवर असतो, आणि सहा वर्षांनी घरात उपासनेची सवय नसलेला तरुण उभा राहतो. आठवड्यात १६८ तास असतात. जाणे-येणे धरून उपासनेला तीन लागतात. क्लासला बॅच बदलून मागा. फी भरण्याआधी मागितली तर मिळण्याची शक्यता जास्त. चाचणी परीक्षा आलीच तर तेवढा एक रविवार संध्याकाळी जा.

बदली किंवा नोकरीसाठी नगरहून पुण्याला, सोलापूरहून मुंबईला गेलेल्यांचे खाडे सर्वांत लांब असतात, कारण सुरुवातीचे दोन-तीन महिने घर लावण्यात जातात आणि मग ओळख नसल्याचा संकोच येतो. निघण्याआधी पाळकांकडून सभासदत्वाचे पत्र घ्या. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या विधीच्या) दाखल्यांच्या प्रती घ्या. शहरात एकाच देवळात इंग्रजी, मराठी, तमिळ अशा उपासना वेगवेगळ्या वेळी होतात, म्हणून पाटी बघून जाऊ नका. मराठीची वेळ कोणती ते आधी विचारा. आणि दर रविवारी नवी मंडळी चाखत फिरू नका. एक निवडा, सलग चार रविवार तिथेच जा, चौथ्या रविवारी पत्र सेक्रेटरींच्या हातात द्या. नाव वहीत लागले की अडचणीच्या वेळी धावपळ होत नाही. लग्न ठरल्याचे मंडळीसमोर वाचायचे असते, बाळाचा बाप्तिस्मा असतो, आणि मयत झाले तर दफनभूमीतल्या जागेसाठी पहिला प्रश्न "कोणत्या मंडळीचे?" हाच येतो. तो प्रश्न त्या दिवशी प्रथमच ऐकावा लागू नये.

खेड्यात अडचणी वेगळ्या. आठवडे बाजार रविवारीच असेल तर दहाच्या उपासनेला निम्मी मंडळी बाजारात असते. तिथे वेळच बदलायला हवी : सकाळी सात किंवा दिवेलागणीनंतर. पेरणीच्या दिवसांतही संध्याकाळच बरी. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे तर पाच-सहा महिने गावाबाहेर. टोळीत ख्रिस्ती घरे दोन असली तरी मत्तय १८:२० ची अट पुरी होते. जाताना एक शास्त्र, एक भजनाचे पुस्तक आणि कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, भजन लावणारा एक माणूस ठरवून न्या. पाळकांनी हंगामात एकदा तरी त्या तळावर जाऊन प्रभुभोजन द्यावे.

मोबाइलवरच्या उपासनेचे काय? २०२० च्या टाळेबंदीत तिने मंडळ्या जिवंत ठेवल्या, आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीला ती आजही वरदान आहे. धडधाकट माणसाचे मात्र ठरलेले घसरते : पहिल्या महिन्यात सगळे हात जोडून समोर बसतात, दुसऱ्या महिन्यात फोन ओट्यावर आणि कढईत फोडणी, तिसऱ्या महिन्यात "नंतर बघू, व्हिडिओ आहेच." घरात साधा नियम ठेवा : ताप असला तर मोबाइल, नसला तर देऊळ.

वसईकडच्या कॅथलिकांसाठी

कॅथलिकांत रविवारची मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, ही ख्रिस्तसभेने घालून दिलेली जबाबदारीच आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतला १२४७ वा नियम तो. पुढचाच नियम सोय सांगतो : आदल्या दिवशी संध्याकाळच्या मिस्सेने ही जबाबदारी पुरी होते. रविवारी बाजारात माल न्यायचा असेल, लग्नाला जायचे असेल, तर शनिवार संध्याकाळ धरा. त्यात काही कमीपणा नाही. परमप्रसादाआधी (प्रभुभोजनाला कॅथलिकांचा शब्द) तासभर अन्न घ्यायचे नाही, पाणी आणि औषध चालते, आणि वृद्ध व आजारी यांना या उपवासातून सूट आहे. मधुमेहाच्या भीतीने मिस्सा चुकवणाऱ्या आजीआजोबांना हे कोणीतरी समजावून सांगा. रविवारची वाचने तीन वर्षांच्या फेऱ्यात लावलेली असतात. शनिवारी घरी एकदा वाचली तर फादरांचे प्रवचन दुप्पट कळते.

रुसवे आणि परत येणे

देऊळ सुटण्याची कारणे तोंडी "वेळ नाही" अशी असली तरी खाली पुष्कळदा कमिटीची निवडणूक, मालमत्तेचा दावा किंवा लग्नात न मिळालेला मान असतो. अशा वेळी कमिटी सोडा, उपासना सोडू नका. पद नसतानाही गाता येते. आणि दुपारच्या जेवणात पाळकांची आणि पंचांची चिरफाड मुलांसमोर करू नका. तुम्ही राग विसरून पुढच्या रविवारी जाल. मुले तो राग लक्षात ठेवतात आणि मोठी झाली की येणे थांबवतात. मंडळी बदलणे भागच पडले तर पाळकांना सांगून, पत्र घेऊन बदला.

खूप दिवसांनी सुरू करणाऱ्याने नाताळ किंवा ईस्टरला सुरू करू नये. गर्दीत कोणी ओळखत नाही आणि पुढच्या रविवारी निम्मी बाके रिकामी बघून उत्साह जातो. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला उभे राहायला जागा नसते, आणि जानेवारीचे रविवार त्या मानाने सुने. तोच जानेवारी सुरुवातीला चांगला. तिथून ईस्टरआधीच्या उपवासकाळापर्यंत बसलेली सवय पुढे टिकते. २०२७ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे सवय बसवायला सहा रविवार मिळतात. एप्रिल-मे तसेही लग्ने आणि गावची सुट्टी घेऊन जातात. तेव्हा गावच्या मंडळीत जा, खाडा पडू देऊ नका.

परत आलेल्याला बाकीच्यांनी कसे वागवायचे, हे मंडळीला शिकवावे लागते. "या पाहुणे! वाट चुकलात वाटतं?" हा विनोद बंद करा. म्हणणारा प्रेमानेच म्हणतो, पण ऐकणारा पुन्हा येत नाही. "बरं झालं आलात, इकडे बसा" एवढे पुरे.

आणि कोणी येणे थांबले तर वाट बघत बसू नका. सलग तीन रविवार एखादे घर दिसले नाही की सेक्रेटरींनी किंवा महिला मंडळातल्या कोणी मंगळवारपर्यंत फोन करावा, आणि आठवड्याच्या आत दोघांनी जाऊन यावे. वीस मिनिटे बसा. चहा घ्या, जेवायला थांबू नका, नाहीतर त्या घराला पुढच्या भेटीची धास्ती बसते. "का आला नाहीत?" हा प्रश्न विचारायचा नाही, "कसे आहात?" म्हटले की कारण आपोआप बाहेर येते. आजार असेल तर याकोब ५:१४ प्रमाणे वडीलजनांना बोलवा आणि पाळकांकडून घरी प्रभुभोजन ठरवा. गुडघे दुखत असतील, जिना उतरवत नसेल, रिक्षाचे पैसे जड जात असतील, तर शनिवारी संध्याकाळी पुन्हा फोन करायचा : "उद्या नऊला रिक्षा तुमच्या गल्लीतूनच जाणार आहे, मावशी. दोन जागा रिकाम्या आहेत."